तंबोऱ्यालाही तहान लागते

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी नमस्कार करत नसत. दारातच थांबायच्या, डोळे मिटून लांब श्वास घ्यायच्या, ओठांवरून जीभ फिरवायच्या आणि निकाल द्यायच्या, "कोरडं आहे जी तुमचं घर!" यजमानीण बिचारी पोह्यांवर खोबरं पेरत असायची. तिला वाटायचं, आपल्या पाहुणचारावरच शेरा मारला. मग मागे उभा असलेला त्यांचा मुलगा निखिल कळवळून म्हणायचा, "शी मीन्स द एअर, काकू. ओन्ली द एअर."

बाई अकोल्याच्या. गाणं शिकवण्यात हयात गेलेली. यजमान गेल्यावर निखिलनं त्यांना शारजाला आपल्या भाड्याच्या व्हिलात आणलं, तेव्हा सोबत मिरजेचा तंबोरा आला. विमानात त्याला खिडकीजवळची जागा आणि बाईंना मधली. "त्यानं आजवर काही पाहिलं नव्हतं," हे त्यांचं स्पष्टीकरण. मी त्यांच्याकडे गेलो तो घसा घेऊन. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे, आणि लागोपाठ दोन कार्यक्रमांत माझा आवाज ऐन रंगात बसलेला. बाईंनी मला पाच मिनिटं बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आवाज राजाचा आहे, पण राजाला झोपू तर द्या. बोलणं कमी करा."

"बाई, ते सोडून काहीही सांगा!"

"मग पाणी प्या, आणि एसीच्या झोताखाली बसून गप्पा हाणू नका."

हवेबद्दल त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो त्या चारच शब्दांत मांडत: "बाहेर वरण, आत पापड." खरंच होतं ते. ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, आणि घरात रात्रंदिवस चालणारा एसी हवेतलं पाणी असं पिळून काढतो की सकाळी ओठ सोलून निघतात. आम्ही सगळे व्हॅसलीन लावून गप्प बसलो होतो. बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. खुर्च्यांवर ओले पंचे, एसीच्या झरोक्यांखाली पाण्याची पातेली. निखिल ऑफिसला निघताना रोज एका तरी पातेल्यात बूट बुडवायचा आणि घरभर इंग्रजीत ओरडायचा.

मग एका दुपारी, मी यमनच्या आरोहात धडपडत असताना, तंबोरा 'टक्' म्हणाला. बाईंचा हात थांबला. भोपळ्याला केसाएवढी चीर गेली होती. त्यांनी तंबोरा गवसणीत घातला, शेजारी बसल्या आणि संध्याकाळी निखिलला सांगून टाकलं, "आम्ही दोघं अकोल्याला जातो. हा इथे टिकणार नाही, आणि हा नाही तर मीही नाही."

"आई, तंबोऱ्याचं अ‍ॅप मिळतं. साउंड्स एग्झॅक्टली द सेम."

"अ‍ॅपला भोपळा असतो का रे?"

पुढच्याच आठवड्यात निखिलनं दुबईतल्या अल क्वोजच्या एका वर्कशॉपमधून शाजी नावाच्या मल्याळी मेकॅनिकला आणलं. सोबत ह्युमिडिफायर. एका खोलीत ठेवायचं फुसफुसणारं खेळणं नव्हे, तर एसीच्या डक्टला जोडून अख्ख्या घराला ओलावा देणारं यंत्र. शाजी चकित. "मॅडम, इधर सब लोग हवा से पानी निकालने को बोलता है. आप पहला है जो डालने को बोलता." जाताना त्यानं बजावलं की ओलाव्याचा आकडा पंचेचाळीस टक्क्यांच्या वर न्यायचा नाही आणि पाण्याची नळी मोकळी ठेवायची.

यंत्राचं झाकण उघडून बाईंनी आत पाहिलं. पाणी झिरपणारी जाळी, तिच्यातून जाणारा वारा. त्यांचा चेहरा असा उजळला, जणू परदेशात माहेरचं माणूस भेटलं. "हा तर कूलर आहे बाप्पा! शिकून साहेब झालेला!"

आणि इथेच घात झाला. अकोल्याचं माणूस कूलर बघतं तेव्हा त्याला त्यात वाळा दिसतो. वाळ्याच्या ताटीशिवाय कूलर म्हणजे त्यांच्या लेखी विधवा विहीर. बाईंनी ट्रंकेतून वाळ्याची जुडी काढली, घरात कुणी नसताना स्टुलावर चढल्या, जाळीभोवती वाळा ठासून भरला आणि आकडा शेवटाला नेला. संध्याकाळपर्यंत घर अकोल्याच्या मे महिन्यासारखं घमघमलं. सकाळपर्यंत वाळ्याच्या तंतूंनी नळी तुंबली, पाणी छतात शिरलं आणि दिवाणखान्यात टपटप गळू लागलं. डब्यातला चिवडा इतका मऊ पडला होता की त्याचे लाडू वळता आले असते.

छताचं म्हटल्यावर घरमालक आला. पायघोळ पांढरी कंदूरा, पांढरी दाढी, हिंदी आपल्याइतपत. त्यानं छताकडे पाहिलं, मग बाईंकडे. "अम्मा, ये घर है, हमाम नहीं. मशीन निकालो. खलास."

निखिलचा चेहरा उतरला. मशीन गेलं की तंबोरा जाणार, तंबोरा गेला की आई. तो "सर, ॲक्चुअली" म्हणून सुरुवात करतो तोच बाईंनी गवसणी सोडून भोपळा त्या म्हाताऱ्यापुढे धरला. "अरबाब, मालिक, छत मेरी गलती. मशीन की नहीं. ये देखो, प्यास से फट गया बेचारा."

त्यानं चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला की उम्म अल कुवैनला त्याच्या वडिलांची लाकडी होडी होती. किनाऱ्यावर फार दिवस पडून राहिली की फळ्यांत फटी पडायच्या, आणि त्याची आई तिच्यावर रोज बादलीनं पाणी ओतायची. "आदमी लोग हँसता था. लेकिन नाव हमारा सबसे ज्यादा साल चला." तो उठला. "मशीन रहेगा. घास नहीं!"

"घास नको तर नको," बाई मला म्हणाल्या, "पण वाळ्याला घास म्हणाला, हे मी विसरणार नाही."

छत निखिलनं रंगवून दिलं. चीर बाईंनी डिंक आणि लाकडाच्या भुशानं बुजवली. ती पुढे सरकली नाही. बाई राहिल्या. माझ्यासारख्या कितीतरी कोरड्या गळ्यांना त्यांनी सा लावायला शिकवलं, आणि मला, जमेल तितपत, गप्प बसायला. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. त्याच घरात, तंबोऱ्याच्या खोलीत.

जुलैत सगळं शारजा एसी बंद करून गावाला जातं. निखिलनं जाताना एसी आणि मशीन दोन्ही चालू ठेवलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. मी परवा गेलो, नळी तपासली, आकडा पाहिला, पंचेचाळीस. आत जाऊन तंबोरा उभा केला. तेवढ्यात निखिलचा फोन. "एव्हरीथिंग ओके, काका?"

उत्तरादाखल मी फोन भोपळ्याजवळ ठेवला आणि चारही तारा छेडल्या.

"काका," तो म्हणाला, "पंचम उतरलाय. थोडा चढवा."