साखर ग्वाल्हेरला, छाती इंदुरला

संस्थानं विलीन झाली, सरहद्दी पुसल्या गेल्या, पण माझ्या मावशीच्या यजमानांइतकं काटेकोर विभागलेलं शरीर अख्ख्या मध्यभारतात दुसरं नसेल. आम्ही त्यांना काका म्हणत असू. राहायचे ग्वाल्हेरच्या माधवगंजात, सांभाळायचे सचिवालयातलं दफ्तर. नव्या राज्याची राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदुरला असे. त्यामुळे वर्षातून दोनदा कागदांचे पेटारे आणि काका एकाच गाडीनं हलत. त्यांना मधुमेह निघाला ग्वाल्हेरला आणि छातीचा त्रास इंदुरला. हा निव्वळ योगायोग, पण काकांनी त्याचा नियम केला. दोन डॉक्टर, दोन फायली. वरून आदेश आल्याशिवाय एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्याला दाखवणं त्यांच्या लेखी गैरशिस्तीचं होतं.

ग्वाल्हेरात रोज सकाळी ते परीक्षानळीत निळ्या औषधात लघवी उकळत आणि साखरेचा रंग पाहून शेरा देत. निळा आला की "कार्यवाही नको", विटकरी आला की "वर कळवावे". इथल्या डॉक्टरांनी साखरेसाठी भराभर चालायला सांगितलं होतं, म्हणून काका किल्ल्याचा चढ चढत आणि घामानं निथळत परत येत. इंदुरच्या डॉक्टरांनी एकदा विचारलं, "और कोई बीमारी?" काका प्रामाणिकपणे म्हणाले, "यहाँ तो नहीं." मग त्या डॉक्टरांनी छातीसाठी चालणं बंद करून अशक्तपणावर ग्लुकोजचं पाणी दिलं. काका उन्हाळाभर ते नेमानं पीत. मावशी म्हणायची, "अहो, दोघांना एकदा भेटवा तरी!" काका म्हणायचे, "तुला कारभारातलं काय कळतं?"

पुढे राज्यच बदललं, राजधानी भोपाळला गेली. बदलीसाठी तब्येतीचा दाखला हवा होता. मावशीनं मुद्दाम दोन्ही फायली एका दोरीत बांधून माझ्या हातात दिल्या आणि मला काकांबरोबर पाठवलं. ग्वाल्हेरचे डॉक्टर बराच वेळ वाचत राहिले.

"काकासाहब, ये दोनों मरीज़ आप ही हैं?"

"जी. मगर विभाग अलग हैं."

"अलग कुछ नहीं. शक्करवालों का दिल आजकल बहुत बिगड़ता देख रहा हूँ. सीने में दर्द होता है?"

"पहले होता था. अब सिर्फ़ पसीना आता है."

डॉक्टरांनी फायली मिटल्या. शक्करवाल्यांना पुष्कळदा दुखतच नाही, म्हणाले, आणि तेच वाईट. किल्ला बंद, ग्लुकोजही बंद.

बाहेर येऊन काका पायरीवर बसले. हेडक्लार्कच्या आवाजात काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते हळूच म्हणाले, "अरे, म्हणजे इतकी वर्षं मी एकच माणूस होतो?"



काका भोपाळला गेले. मावशीच्या देखरेखीखाली दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे एकाच गावात नीट काढले. मग एका दुपारी टेबलाशी बसल्या बसल्या गेले. दुखलं नाही, शेजारच्या कारकुनानं सांगितलं, नुसता घाम आला होता. मावशी माधवगंजात परतली. फायली तिच्या ट्रंकेत आहेत. ती दोरी तिनं अजून सोडलेली नाही.