सगळ्यांचा एकच पासवर्ड

"पासवर्ड 'जयभीम' ठिव. हिच्याकडं बघून सगळ्यांच्या ध्यानात राहील," हेडक्लार्क म्हणाला आणि ऑफिस हसलं. माझे सरही हसले. मी हसले नाही, पण टाइप केलं. चीड येते ती त्या टाइप करण्याची. माझे वडील ज्या शब्दानं माणसाला भेटतात, तो शब्द मी माझ्या हातानं चेष्टेला दिला.

नगरमधली आमची छोटी कॉम्प्युटर फर्म. सर मालक, मी प्रोग्रामर. एका शिक्षणसंस्थेसाठी कॉलेजप्रवेशाचं सॉफ्टवेअर करत होतो. दर शनिवारी मी फ्लॉपी घेऊन जायची. संस्थेच्या ऑफिसातले चौघं, हेडक्लार्क धरून, आठवडाभर वापरून चुका सांगायचे, पुढच्या शनिवारी दुरुस्तीसकट नवा भाग. पद्धत झकास होती. पहिल्याच शनिवारी मी म्हणाले होते, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड देऊ, कोणी काय बदललं त्याची नोंद ठेवू. आत्ताच, कामाबरोबर.

"ते शेवटी बघू. आधी काम दिसू दे. तोवर सगळ्यांना एकच चालेल," सर म्हणाले. मी दर शनिवारी विचारलं. दर शनिवारी तेच उत्तर.

मग प्रवेशाची यादी लागली. राजूरची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. गुणपत्रिकेवर एकाहत्तर टक्के, आमच्या मशीनमध्ये एकसष्ट, म्हणून यादीत नाव नाही.

"आमी खोटं बोलतो व्हय?" तिचे वडील म्हणाले.

मागच्या शनिवारी त्यांच्या मशीनवरून उतरवून घेतलेल्या माझ्या फ्लॉपीत एकाहत्तरच होते. म्हणजे नंतर कोणीतरी बदलले. हेडक्लार्कनं माझ्याकडं बोट केलं.

"पासवर्ड कुणाचा हाय? हिचाच की."

या वेळी कोणी हसलं नाही. सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माझ्या हातून झालं, एवढं लिही. प्रकरण मिटेल."

नोकरी गेली तर घरी काय सांगू? पण ते लिहिलं तर जन्मभर मीच चोर.

मी लिहिलं: मुलीचे गुण एकाहत्तर आहेत, आजच दुरुस्त करावेत. कोणी बदलले हे मशीन सांगू शकत नाही, कारण ती सोय मला करू दिली नाही. खाली सही, आडनावासकट. सरांनी कागद फाडला. मी दुसरा लिहिला आणि मुलीच्या वडिलांच्या हातात दिला.

त्या कागदावर मुलीचं नाव यादीत चढलं. माझी नोकरी गेली.

आता कुठंही कामाला बसले की पहिल्या दिवशी विचारते, कोणाला काय बदलता येईल आणि ते कुठं नोंदलं जाईल? ज्या आठवड्यात काम, त्याच आठवड्यात मला ते झालेलं हवं. टाळाटाळ दिसली की मी खुर्ची सोडते. दार यांनी उघडं टाकायचं आणि चोर म्हणून मी उभं राहायचं, हे आता चालणार नाही.