शंख वाजला की पाणी

घरात आजारपण आलं की औषधं साठतात, रिपोर्ट साठतात. किस्सेही साठतात, हे मात्र आधी कुणी सांगत नाही! आमच्या रेवाच्या फाइलला आता रबरबँड पुरत नाही आणि किस्से तर फाइलहून जाड झालेत.

बँकेच्या बदलीमुळे मी कोलकात्याला आले. नवरा, समीर, घरून काम करतो. बेहाला नावाच्या भागात भाड्याचं घर. रेवा चार वर्षांची असताना तिला सारखा ताप यायचा. तपासण्या केल्या तेव्हा कळलं, की लघवी उलटी वर चढून तिची उजवी किडनी निकामी झालीय. काम करते ती एकटी डावी. डॉक्टर म्हणाले, "एक पुरते, आयुष्यभर पुरते. पण तिला जपा. भरपूर पाणी, लघवी तुंबवायची नाही आणि ताप आला की लगेच इकडे."

ऐकायला सोपं. पण आमची कन्या पाण्याची वैरी!

*

रंगीत ग्लास झाले, लाडीगोडी झाली, धमक्या झाल्या. पाणी तसंच. शेवटी एके दिवशी मीच जिन्यात बसून रडले.

तळमजल्यावर माशीमा राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या. माशीमा म्हणजे मावशी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, "चिंता कोरो ना, आमि आछि," काळजी करू नकोस, मी आहे, म्हणाल्या आणि देवघरातून शंख घेऊन आल्या. रेवाशी करार झाला. खाली शंख वाजला की वर ग्लास रिकामा!

बंगाली घरांत शंख संध्याकाळी वाजतो. माशीमांचा चारला, पाचला, सहाला आणि सातला वाजू लागला. आणि रेवा चक्क प्यायला लागली! काही दिवसांनी गल्लीतल्या बायकांनी न राहवून विचारलं, "माशीमा, ही रोज कसली पूजा?"

"किडनी-पूजो," माशीमा म्हणाल्या.

*

दुर्गापूजेनंतरच्या पौर्णिमेला इथे घरोघरी लक्ष्मीपूजा असते. आम्ही नवखे, आम्हाला काय ठाऊक!

संध्याकाळी कुठूनसा शंख वाजला. रेवाने ग्लास संपवला. समोरच्या घरातून वाजला, दुसरा ग्लास. मग मागून, मग शेजारून. मी नको म्हणत होते, पण करार म्हणजे करार! चौथ्या ग्लासाला ती रडकुंडीला आली.

"आई, सबको बोलो ना, माझी एकच आहे!"

*

सासूबाई सांगलीहून आल्या. चकल्यांच्या डब्याखाली त्यांच्या स्वतःच्या तपासण्यांची फाइल होती. आम्हाला पत्ताच नाही! डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी ती ठेवली.

"माझ्या दोन्ही चालू आहेत. सत्तर वर्षं वापरल्यात, पण चांगल्या आहेत. त्यातली एक हिला लावा."

समीरने ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरांनी ती फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग हात जोडून म्हणाले, "माँजी, इसकी ज़रूरत नहीं है."

सासूबाई हिरमुसल्या. "मग मी आले कशाला?"

परत जाताना फाइल माझ्या कपाटात ठेवून गेल्या. "असू दे इथेच," म्हणाल्या.

*

थंडीत रेवाची चोवीस तासांची लघवी तपासायला द्यायची होती. मोठ्या पांढऱ्या कॅनमध्ये ती जमवली आणि समीर सकाळीच लॅबकडे निघाला. आता, थंडीत इथे सकाळी सकाळी खजुराच्या झाडाचा ताजा रस, आपल्या नीरेसारखा, विकायला येतो, तोही अशाच कॅनमधून. रंगाचं काही विचारू नका.

जिन्यात वरच्या मजल्यावरचे घोषबाबू भेटले. कॅनकडे बघून त्यांचे डोळे चमकले. "वाह! कहाँ से मिला?"

"घर का ही है," समीर गडबडीत बोलून गेला.

घोषबाबू धावत वर गेले आणि ग्लास घेऊन आले!

*

त्याच थंडीत रेवाला पुन्हा ताप आला. तो उतरला, पण डॉक्टरांचा चेहरा उतरलेलाच होता. डाव्या किडनीवर व्रण राहिला की काय, ते स्कॅनमध्ये कळणार होतं, आणि स्कॅनसाठी काही महिने थांबायचं होतं. ते महिने मी कसे काढले ते मलाच माहीत. बँकेत आकड्यांवर नजर ठरायची नाही. एकच तर आहे, तिलाही काही झालं तर? हा प्रश्न मी समीरलाही विचारला नाही. माशीमांनी आम्हाला काही विचारलं नाही. चार, पाच, सहा, सात, त्यांचा शंख मात्र एकदाही चुकला नाही.

स्कॅनचा रिपोर्ट हातात पडला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला आणि हसले. डावी स्वच्छ होती, वयाच्या मानाने चांगली मोठीही झाली होती.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजत आले होते. माशीमा फाटकातच उभ्या होत्या, हातात शंख. आम्हाला विचारायचं त्यांना धाडस होईना. रेवाच ऑटोतून उडी मारून ओरडली, "माशीमा, आमारटा भालो आछे!" माझी चांगली आहे!

माशीमांनी शंख ओठांना लावला. आवाज आला नाही. पुन्हा लावला. नुसतीच हवा गेली. त्यांचे ओठ थरथरत होते आणि डोळ्यांतलं पाणी शंखावर पडत होतं.

रेवाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने दप्तरातून बाटली काढली आणि एका दमात रिकामी केली.