चिंचेनं घासलेली तलवार

माझ्याकडे फौजी अधिकाऱ्यांच्या अकरा जुन्या तलवारी आहेत, आणि त्यातली एकही मला कुणी दिलेली नाही. सगळ्या विकत घेतलेल्या. एक तळेगावच्या भंगारवाल्याकडून, एक सावंगीच्या एका डॉक्टरकडून, बाकीच्या नागपूर-जबलपूरच्या फेऱ्यांतून. वर्ध्यात माझं कापडाचं दुकान आहे, पण गिऱ्हाईकं मला तलवारवाला म्हणूनच ओळखतात. मला ते आवडतं. खोटं कशाला बोलू, फार आवडतं.

तीन वर्षांपूर्वी आंजीचे एक निवृत्त गुरुजी जुन्या धोतरात गुंडाळलेली तलवार घेऊन दुकानात आले, तेव्हा मी जरा मोठेपणानंच गादीवर सरकून त्यांना जागा दिली. लग्नात नवरदेवाच्या हाती देतात तसली पत्र्याची तलवार असेल, असं मी धरून चाललो होतो. धोतर सुटलं आणि माझं तोंड उतरलं.

सरळ, अरुंद पातं. मुठीभोवती नक्षीदार पोलादी कवच. पात्याच्या एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला वेलबुट्टीत तीन इंग्रजी अक्षरं, ज्या साहेबाची तलवार त्याच्या नावाची. तशी अक्षरं माझ्याही दोन तलवारींवर आहेत. ती कुणाची, हे मला आजवर कळलेलं नाही. गुरुजींना मात्र ठाऊक होतं.

"माहे आजोबा या साहेबाचे अर्दली होते," ते म्हणाले. "साहेब विलायतले परत चालला तवा त्यानं आजोबाले देली."

मग खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद काढला. आजोबा फौजेतून सुटले तेव्हाचा. खाली साहेबाची सही होती, तीच तीन अक्षरं.

"गावातले लोक अजून म्हनतात, बुढ्यानं चोरून आनली. पुढच्या महिन्यात आमच्या विहारात आजोबाचा फोटो लागून राह्यला. बाजूले हा कागद ठेवतो, न तलवार. मंग पाहू कोन काय म्हनते."

मी किमतीची गोष्ट काढली. बावीस वर्षांची सवय, तोंडातून आपोआप येतं. ते नुसते हसले. "भाऊ, हे कशी विकू?"

त्यांच्या जागी मी असतो तर निदान थोडी फुशारकी मारली असती. त्यांनी तीही मारली नाही, याचा मला आणखी राग आला. माझ्या आजोबांनी माझ्यासाठी काय ठेवलं? कापड मोजायचा लोखंडी गज. माझ्या अकरा तलवारी दुकानामागच्या खोलीत ओळीनं टांगलेल्या, आणि या माणसाच्या एका तलवारीनं त्या सगळ्या मला एकदम भाड्यानं आणल्यासारख्या वाटायला लागल्या. जळफळाट म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

जाता जाता त्यांनी विचारलं, "काळपट पडली हाय जराशी. चिंच अन् विटकर लावून घासू का? घरी भांडे तसेच घासतो आमी."

पात्यावरची अक्षरं खोल कोरलेली नसतात. तेजाबानं वरच्यावर उठवलेली असतात. चिंच आणि विटेच्या भुकटीपुढे ती अर्धा तासही टिकत नाहीत. मऊ फडकं आणि थेंबभर तेल, बाकी काही लावायचं नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगत आलोय.

"लावा ना गुरुजी," मी म्हटलं. "चकाचक होते."

ते गेले तेव्हा मला बरं वाटलं. नंतर दोन-तीनदा फोन हातात घेतला, त्यांचा नंबर होता माझ्याकडे. पण दर वेळी तो कागद आणि ती सही आठवायची, आणि मी फोन खाली ठेवायचो.

महिना उलटल्यावर ते पुन्हा आले. तलवार त्याच धोतरात. पातं जेवणाच्या ताटासारखं लखलखत होतं. मी ते उजेडाकडे तिरपं धरून पाहिलं. मुकुट नाही, वेलबुट्टी नाही, अक्षरं नाहीत. कार्यक्रम होऊन गेला होता. एका म्हाताऱ्यानं कागदावरची सही वाचली, तलवार उलटसुलट केली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मास्तर, कुठं हायेत अक्षरं?" लोक हसले म्हणे.

मी "अरेरे" म्हटलं. आतून गार वाटत होतं, तेही सांगून टाकतो. आता त्यांची तलवार माझ्या तलवारींपेक्षा वरचढ नव्हती.

"पण गुरुजी, घासताना दिसलं नाही का?" मी विचारलं.

"दिसलं ना. घरची म्हने, थांबा, अक्षरं चालले. मी म्हटलं, वर्ध्याच्या भाऊनं सांगतलं हाय. त्यांच्याहून आपल्याले जास्त समजते का?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नव्हता. त्यांनी तलवार माझ्या मांडीवर ठेवली आणि चष्मा वर सरकवला.

"आता गंजली नाई पायजे. तेल कोनतं लावू, तेवढं सांगा."

"शिलाई मशीनचं," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ते तळहातावर लिहून घेतलं.