घार, कावळा आणि बारावा फोटो

आमच्या क्वार्टरांच्या लाईनीत पहिला कॅमेरा माझ्याकडे आला आणि मी माणसांचे फोटो काढणं सोडून दिलं.

भिलाईचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. आम्ही भंडाऱ्याकडची शेतकरी माणसं. मी रोलिंग मिलमध्ये फिटर झालो आणि बाबा गेल्यावर माय आमच्याकडे, सेक्टरमधल्या नव्या क्वार्टरात राहायला आली. रस्ता नव्हता, झाड नव्हतं, धूळ मात्र कंपनीकडून मोफत! मायदेशी परतणाऱ्या एका रशियन इंजिनिअरानं त्याचा कॅमेरा मला विकला. छातीशी धरून वरून खाली बघायचा, एका रोलात बारा फोटो. त्याच आठवड्यात ताईचं कार्ड आलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, गोंदियाकडे दिलेली. सासरच्या शेतीतून तिला वर्ष वर्ष हलता येत नसे. तिनं एकच गोष्ट मागितली होती : ‘मायचा एक फोटो पाठव, घरात लावीन.’ मायचा तोवर जन्मात एकही फोटो निघाला नव्हता.

‘पुढच्या आठवड्यात पाठवतो,’ असं मी छातीठोकपणे कळवलं. (छातीवर कॅमेरा होता ना!)

पण मध्येच आमच्या कारखान्याच्या क्लबानं फोटोंची स्पर्धा जाहीर केली. विषय ‘निसर्ग’. अट अशी, की फोटोत माणूस नको आणि माणसानं केलेली वस्तूही नको. आता भिलाईत माणसानं न केलेली एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे आकाश. तेही धुरामुळे अर्धं कंपनीच्या मालकीचं! माझं नशीब असं, की आमच्या अंगणामागच्या विजेच्या खांबावर कावळ्यानं घरटं केलं होतं (तेसुद्धा साइटवरून उचललेल्या तारांचं) आणि पिल्लं उचलायला रोज एक घार यायची. मग कावळा तिच्यावर तुटून पडायचा, घार हवेतच उलटी होऊन पंजे वर काढायची. मी ठरवलं, हाच फोटो!

तीन रविवार मी अंगणात मान वर करून उभा. मानेला लचक आली. घार आली की कावळा नाही, कावळा आला की घार नाही, दोघं आले की रोल संपलेला. पहिल्या रोलात निव्वळ आकाश आलं, दुसऱ्यात घारीचं शेपूट.

“कावून रे,” माय म्हणाली, “माह्या तोंडाले का झालं? कावळ्याचे फोटो काढून राहिला तू!”

“काढतो ना माय. हा रोल होऊ दे.”

“पोरगी तिकडं वाट पाहून राहिली. मी का रोज रोज जवान होऊन राहिली?”

“उद्या पक्का!”

हा ‘उद्या’ महिनाभर चालला. शेवटी बायकोच कडाडली, “अहो, एक तरी सासूबाईचा काढा! का घारीले पाठवता ताईकडे?”

त्या रविवारी माय तयार झाली. ताईच्या लग्नातलं जांभळं लुगडं नेसली, केसांना तेल लावून चापून अंबाडा घातला. अंगणाच्या भिंतीपाशी ताठ उभी राहिली आणि श्वास रोखून धरला. रोलात एकच फोटो उरला होता, बारावा. माय पायापासून डोक्यापर्यंत यावी म्हणून मी खाली उकिडवा बसलो. बटण दाबणार, तेवढ्यात डोक्यावर ‘काव काव’! घार आली. कावळा आला. घार उलटी झाली, पंजे उघडले...

“अरे पाह्य, पाह्य! पिल्लाले नेते वाट्टे!” माय हात वर करून ओरडली.

मी कॅमेरा वर केला आणि बटण दाबलं.

“निघाला का माहा फोटो?” मायनं विचारलं. ती पुन्हा श्वास रोखून उभी होती, सोडायला माझ्या परवानगीची वाट पाहत.

“निघाला, निघाला,” मी म्हणालो.

खोटं नव्हतं. कॅम्प वस्तीतल्या दासबाबूंच्या स्टुडिओत रोल धुतला, तर वर घार-कावळ्याची झुंज, तारेचा एक तुकडा, आणि खाली कमरेपासून वर माय. तोंड उघडं, हात वर, चेहरा लख्ख. दासबाबूंनी निगेटिव्ह उजेडात धरली.

“वाह! पंछी तो फर्स्ट क्लास! लेकिन नीचे ये औरत कौन है?”

मी इकडंतिकडं बघितलं. स्टुडिओत आमच्या ऑफिसचे दोन साहेब बसले होते.

“कोई नहीं,” मी म्हणालो, “मोहल्ले की है कोई.”

हे वाक्य लिहितानाही माझे कान तापतात. तेव्हा मात्र काहीच वाटलं नाही.

“तो हटाओ!” म्हणत दासबाबूंनी युक्ती सांगितली. निगेटिव्हमधल्या तारेवर ब्रशनं रंग लावायचा, की ती आकाशात मिसळते. आणि खालचा भाग ब्लेडनं खरवडायचा, की तिथं छापताना गच्च काळं येतं. लोकांना वाटतं डोंगर आहे! मी दाढीचं नवं ब्लेड काढलं आणि दोन संध्याकाळी बसून भिंत खरवडली, लुगडं खरवडलं, वर केलेला हात खरवडला. अंबाड्याला जरा वेळ लागला. त्याचं मी शिखर केलं.

पहिला नंबर आला! परीक्षकांतल्या एका रशियन साहेबांनी तर फक्त डोंगराचंच कौतुक केलं. बक्षिसात मला फोटो लावायचा अल्बम मिळाला, कोरा.

“माहा कुठं हाय याच्यात?” मायनं घरी विचारलं.

“तुझा बिघडला माय. पुढच्या रोलात काढू.”

“मी हाललीच असन,” ती म्हणाली, आणि लुगडं घडी करून पेटीत ठेवलं.

पुढचा रोल मी रामगंगरा नावाच्या पाखरांवर घालवला. पावसाळा संपता संपता मायला ताप भरला आणि आठवड्यात ती गेली. ताई तिसऱ्या दिवशी पोचली. रडून झाल्यावर तिनं पहिलं काय मागितलं, ते सांगायला नको. मी निगेटिव्ह घेऊन दासबाबूंकडे धावलो. ते म्हणाले, “जो खरोंच दिया, वो वापस नहीं आता, दादा.” औरत कोण होती, ते मी तेव्हा सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं.

मग मी ताईपुढे तोच फोटो ठेवला आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, फाडून फेकेल. तिनं डोंगरावर बोट ठेवलं.

“इथं होती?”

“जरा उजवीकडे.”

“हासून राहिली होती?”

“ओरडत होती. पिल्लं नेते म्हणून.”

ताई तो फोटो घेऊन गेली. आजही तिच्या घरात तो देवघराशेजारी आहे, हार घातलेला. पाहुणे विचारतात तेव्हा ती सांगते, “आमची माय. भावानं काढला.” पाहुणे काळ्या डोंगराकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. मीही मग पुढे होऊन समजावतो, की माय तेवढी नीट आली नाही, पण घार बघा! पीस न् पीस मोजून घ्या.