नाबोरामावशींची पेटी

काल चुन्यात शिजवलेला मका निम्मा धुऊन झाला होता, तेवढ्यात शेजारच्या नाबोरामावशी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. ओल्या हातांनीच मी बाहेर गेले.

मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. मुलगी क्रेसेन्सिया त्यासाठी लांबच्या मोंतेरेईहून आली आहे; शहरात ऑपरेशन, दोन रात्रींचा मुक्काम. पण मावशी कधी घराबाहेर निजत नाहीत. त्यांच्या देव्हाऱ्यात एक लाकडी पेटी आहे आणि पेटीत बियाण्यांची लेकरं. मका, घेवडा, भोपळा, मिरची, प्रत्येकाचं कागद कातरून केलेलं बाहुलं. दोन्ही हात वर, अंगात कापडी झबलं. रात्री घर रिकामं दिसलं की बियाणं निघून जातं, मग कणसात दाणा भरत नाही. म्हणून मावशी नातीच्या लग्नालाही गेल्या नाहीत.

पूर्वी सोबतीला कोणी ना कोणी यायचं. आता निम्मं गाव बाहुल्या न मानणाऱ्या नव्या पंथात गेलं, क्रेसेन्सियासुद्धा. विद्यापीठातली मुलं येतात, बाहुल्यांवरच्या खुणांचे अर्थ विचारून लिहून घेतात आणि संध्याकाळच्या गाडीनं परततात.

क्रेसेन्सिया मागून म्हणाली, "आई, कागदच आहे ना तो?"

"हो गं बाई. तूही एवढीशीच होतीस. टाकून गेले का तुला कुठे?"

मावशी माझ्याकडे वळल्या. डोळे गेले तर यंदा नवी बाहुली कातरायची कशी, आणि डोळ्यांसाठी गेले तर पेटीपाशी कोण, एवढंच त्यांनी विचारलं. मी मनात ग्वादालुपेच्या पवित्र मातेचं नाव घेतलं आणि म्हटलं, मी निजेन.

"नुसतं निजू नकोस. बोलत राहा त्यांच्याशी, आपल्या बोलीत. गप्प बसलीस तर त्यांना वाटेल घरात कोणी नाही."

कुडापलीकडून दिवसभर मावशींचं बोलणं ऐकू यायचं. मला आपलं वाटायचं, कोणी पाहुणं आलंय.

आज दुपारी त्या गेल्या. गाडीत चढताना हात पुढे करून पायरी चाचपत होत्या. मी पेटीसमोर येऊन बसले, तर काय बोलावं सुचेना. शेवटी सांगितलं, आज घेवडा करपला, पण नवऱ्यानं मुकाट्यानं खाल्ला. त्या खोलीत माझाच आवाज मला परका वाटला. पुढे काही सुचेना, म्हणून घेवड्याचंच पुन्हा सांगितलं.

पेटीपुढची मेणबत्ती बोटभर उरली आहे. अंधार पडायच्या आत दुकानातून नवी आणायची आहे.