पाळण्याची दोरी

आमच्या हिंगण्याच्या कॉलनीत बारसं असलं की पाळणा म्हणायला शेजारच्या एका बाईंनाच बोलावतात. पदर खोचून दोरी ओढायची आणि नाव पटलं नाही तर तोंडावर सांगायचं, ही त्यांची रीत. मला त्यांची धास्तीच वाटते.

माझ्या नातीसाठी मी 'क्षमा' हे नाव ठरवलं होतं. अर्थ चांगला, घरोघरी आवडणारं. ते ऐकून बाईंनी दोरी सोडली.

"हिच्या भावाचं नाव काय, भाऊ?"

"शौर्य."

"म्हंजे पोरानं लढायचं अन् पोरीनं माफ करायचं? तिचं अजून कोनी काई बिघडवलं नाही, अन् तुमी माफी आधीच घेऊन राहिले! तिच्या मायले तरी इचारलं काय?"

विचारलं नव्हतं. बायका हसल्या. मी संतापलो, पण बाईंवर नाही. सोसणं मुलीच्या नावातच लिहून टाकणाऱ्या आम्हा पुरुषांचा मला संताप आला, आणि त्यांत मी पुढे होतो.

सून उठली. आत्याच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, कानात काही बोलली. आत्याने तेच बाळाच्या कानात सांगितलं. बाईंनी दोरी धरली.

'प्रज्ञा' हे नाव मी त्यांच्या गाण्यातच पहिल्यांदा ऐकलं. मला कोणी विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.